द्विमस्तकी ग्राफिक्स कार्डाच्या पारखीचे वर्तमान

॥ श्री ॥ खेळ मांडणारास यश, पाहणारास समाधान, वीज पुरविणारास दीर्घायुष्य असो. शके एकोणीसशे छत्तीस, जय नाम संवत्सर, वैशाख शुद्ध पंचमी, ते दिवशी या मुलखी द्विमस्तकी ग्राफिक्स कार्ड दाखल जाहले आणि त्यापासोन काय काय घडले, ते येणेप्रमाणे.

ते समयी श्रीमंत गादीवर नांदत होते. श्रीमंतांस शिकारीचा शौक नाही, मोहिमेचा नाही, कॉम्प्युटरावरील लढायांचा शौक मात्र भारी. स्क्रीनवर घोडी फेकावी, किल्ले घ्यावे, आणि भोजनास चार वेळा बोलावणे आले म्हणजे उठावे, ऐसा क्रम. मग सरदारही तेच करू लागले, आणि स्क्रीनवर चित्र उठविणारे ग्राफिक्स कार्ड ज्याचे थोर, त्याचा दरबारी मान थोर, ऐसा रिवाज पडला. तो मान निंबाजीपंत पारखी यांजकडे होता. पंत सरकारचे पारखी. नवे कार्ड आले की आधी पंतांनी पाहावे, पंतांनी बरे म्हटले तर चालावे, वाईट म्हटले तर त्याच पावली मोडीत जावे. पंतांचे घरचे कार्ड एका प्रोसेसराचे, अंमळ जुने, परंतु मुलखात अव्वल. पंत ते स्वहस्ते मऊ ब्रशाने झाडीत, पंख्यावर फुंकर घालीत, आणि कोणी बोट लावू गेला तर त्याचे अंगावर जात.

ऐसे असता सरदार हैबतराव घारे यांणी द्विमस्तकी कार्ड आणविले. एकाच पट्टीवर प्रोसेसर दोन, अंगास थंडाव्याच्या पाण्याच्या नळ्या, वजन विटेएवढे. जुन्या पेटीत मावेना म्हणोन नवी पेटी केली, विजेस पुरेना म्हणोन नवा पॉवर सप्लाय घातला, आणि ते चालू होताच आळीतले दिवे मंदावू लागले. लोक दिवे मंदावले की म्हणत, "रावसाहेब खेळावयास बसले." हे ऐकोन पंतांचे अंगाचा तिळपापड होई. आपण खेळावयास बसलो तर शेजारच्या घरासही कळत नाही, हे त्यांस प्रथमच उणे वाटले.

मग हैबतरावांनी पंतांस अगत्याने बोलाविले. रावसाहेब स्वभावे भोळे आणि पंतांचे लहानपणचे सोबती. बोलिले, "यावे पंत, बसावे. खोली अंमळ तापली आहे, गैर न मानावे. कार्डाची उष्णता आहे." पंत बसले आणि स्क्रीनवरील घोड्यांकडे न पाहता कोपऱ्यातील आकड्याकडेच पाहत राहिले. पळात किती चित्रे उठतात, तो आकडा तेथे दिसतो. पंतांच्या कार्डाच्या दुप्पट होता. पुन्हा डोळे पुसोन पाहिला, दुप्पटच. रावसाहेबांनी पुसिले, "कसे काय?" पंत "ठीक आहे" म्हणोन उठले, पानसुपारीस हात न लाविता घरी आले, आणि ताटावर बसोन भात चिवडीत राहिले. तेव्हा त्यांचे कुटुंब चिमाबाई म्हणाल्या, "आज जेवण का जात नाही? पोट बरे नाही का?"

"पोट बरे आहे. हैबतीचे कार्ड बरे आहे."

"मग आपले काय बिघडले? आपले चालते आहे ना?"

"चालते," पंत बोलिले, "तेच तर. नुसते चालते." आणि पानावरोन उठले. आपली इतकी वर्षांची पारख, आपला मान, आणि ऐवज पडावा त्या भोळसटाचे पदरात, ज्यास पंखा उलटा बसला तरी कळत नाही, हे त्यांचे काळजात घर करोन बसले. मत्सर वाईट हे पंतांस ठाऊक होते आणि तरी तो सोडवेना.

मग श्रीमंतांचा हुकूम जाहला की, या कार्डाची पडद्याची पारख करावी. ही पद्धत खुद्द पंतांनीच घातलेली, पारखी पक्षपाती आहे ऐसे कोणी म्हणो नये म्हणोन. दोन यंत्रे जाड पडद्याआड ठेवावी, एकात नवे कार्ड, दुसऱ्यात मुलखातले अव्वल, आणि दोन स्क्रीन तेवढे बाहेर. कोपऱ्यातील आकडा झाकावा. पंख्याचा आवाज ओळखू येऊ नये म्हणोन नगारा वाजवीत राहावे. पारख्याने नुसत्या नजरेने सांगावे, आणि जे उणे ठरेल ते त्याच घटकेस मोडीत घालावे.

पारखीचे दिवशी दरबार भरला. श्रीमंत येऊन बसले, हैबतराव नवा अंगरखा घालोन बसले, नगारा सुरू जाहला, आणि पंतांनी पाहावयास आरंभ केला. उजव्या स्क्रीनवर घोडा धावे, परंतु धावता धावता सूक्ष्म ठेचकाळे. दोघांनी एक जाते ओढावे आणि हात एकसाथ न पडावे, तैसी त्याची चाल. डाव्या स्क्रीनवर घोडा ऐसा संथ धावे की पाहणाराचा श्वास सरळ व्हावा. पंतांची नजर खरी. त्यांस तात्काळ कळले की डावे उत्तम. म्हणाले मनाशी, इतके सुंदर ते आपले कोठचे? आपले तर जुने, नुसते चालणारे. हे हैबतीचेच.

मग पंतांनी घसा साफ केला, नगारा थांबविला, आणि बोलिले, "डावे यंत्र कुचकामी आहे. सावल्या काळवंडतात, रंगास तेज नाही, घोड्यात जीव नाही. उजवे उत्तम." आजवर पंतांनी खोटी पारख केली नव्हती. ही पहिली.

श्रीमंतांनी पडदा सरकविला. डावीकडे पंतांचे कार्ड, ब्रशाने झाडलेले, लखलखीत. उजवीकडे द्विमस्तकी, नळ्यांसुद्धा. पंतांचे तोंडचे पाणी पळाले. श्रीमंतही चकित जाहले आणि बोलिले, "पंत, हे तर आपले घरचे. नजरचूक असेल तर आताच सांगावे. पारख कायम?"

नजर चुकली नव्हती, हे एकटे पंत जाणत होते. परंतु ते बोलावे तर आपण जाणोन खोटे सांगितले हेही बोलावे लागते. पंत म्हणाले, "कायम."

दरबारात वाहवा जाहली. स्वतःच्या कार्डासही न वाचविणारा ऐसा निःपक्षपाती पारखी दुसरा नाही, म्हणोन श्रीमंतांनी पंतांचे पाठीवर हात ठेविला, द्विमस्तकी कार्ड रावसाहेबांकडोन मागोन घेतले आणि पंतांस बक्षीस दिले. रावसाहेबांनी कुरकूर न करता दिले. पंतांचे जुने कार्ड नियमाप्रमाणे मोडीत गेले, आणि रावसाहेब दुसरे दिवशी मोडवाल्याकडे जाऊन तेच उचलोन घरी घेऊन आले.

आता पंत खेळावयास बसले की आळीतले दिवे मंदावतात. आकडा दुप्पट दिसतो, आणि घोडा ठेचकाळतो. दुसऱ्या कोणास दिसत नाही, पंतांस दिसते. एके दिवशी रावसाहेब वाटेत भेटले आणि हात धरोन बोलिले, "पंत, खरे सांगू? त्या दोन मस्तकांनी माझे डोळे दुखत. समजत नव्हते काय होते ते. तुमचे जुने लाविले आणि गडी सुखी जाहला. तुम्ही त्यास वाईट कसे म्हणालात, मज अडाण्यास काही उमगत नाही."

पंत म्हणाले, "पारख आहे ती," आणि घरी आले. चिमाबाईंनी पान वाढले. पंत पाटावर बसले आणि भात चिवडू लागले. पुसता म्हणाले, "हैबतीचे कार्ड फार बरे आहे."

सारांश, कार्डे बदलली, घरे बदलली, पंतांचा जळफळाट होता तेथेच राहिला. घडले ते मांडिले, न्यून ते वाचणाराने भरोन घ्यावे. लेखन पुरे.