राजूबाईला शांतीनं पोचवताना

जनवाड्याचा धनराज मोटर वायंडिंगच्या धंद्यात होता; पण आपला जन्म उपदेशासाठीच झालाय, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता त्याची नजर दुकानाबाहेरच्या उन्हात विरघळायची आणि त्या उन्हात एक गच्च भरलेलं चर्च उभं राहायचं. पुढच्या बाकांवरच्या बायका पदरानं डोळे टिपतायत, मागचे पुरुष उगाच खाकरतायत, आणि समोर पांढऱ्या सदऱ्यातला धनराज हळूच म्हणतोय, "प्रियजनहो." एवढ्यात गिऱ्हाईक खांदा हलवायचं. अशा स्वप्नात गुंडाळलेल्या मोटरी पाणी ओढायच्या ऐवजी नुसत्या गुणगुणायच्या. तरी माणूस इतका गोड, की लोक बिघडलेली मोटर परत आणताना त्यालाच चहा पाजायचे.

त्यांच्या प्रेसबिटेरियन चर्चच्या मंडळीला बरीच वर्षं स्वतःचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हता. दोन राज्यांच्या सीमेवरच्या सगळ्या गावांना मिळून एकच पाळक. तो एका गावाहून दुसऱ्या गावी पोचेपर्यंत तिथलं लग्न जमून, मोडून, पुन्हा जमलेलं असायचं. म्हणून असं ठरलं की मंडळीतल्याच साध्या माणसांना शिकवून तयार करायचं. शेतकरी, मास्तर, नर्सबाई, जे कोण असतील ते. त्यांनी उपासना चालवावी, आजाऱ्यांना भेटावं, दुःखातल्या माणसापाशी घडीभर बसावं. धनराज मंडळीचा निवडून आलेला 'वडील', म्हणजे कारभारी, तेव्हा त्याचं नाव सगळ्यात आधी. त्याची बायको मंगल एवढंच म्हणाली की वडील झालात ते बरं झालं, आता जरा मोठं बी व्हा.

प्रशिक्षण गुलबर्ग्याला होतं. शिकवायला रेव्हरंड शिवकुमार, अगदी मऊ आवाजाचे गृहस्थ. धनराजला जागा मिळाली खिडकीपाशी. समोर डाळ मिलचं पत्र्याचं छप्पर, त्यावर पारवे, आणि पलीकडं तुरीच्या डाळीची पिवळी धूळ उन्हात तरंगत असलेली. रेव्हरंड 'आजाऱ्याची भेट' हा धडा समजावून सांगत होते. आधी आपण कोण ते सांगायचं, मग त्याचं ऐकायचं, प्रार्थना करू का म्हणून विचारायचं, आणि अगदी शेवटी दोन वाक्यांत प्रार्थना आटपायची. या सगळ्यातला 'अगदी शेवटी' एवढाच तुकडा पारव्यांच्या घुमण्यातून वाट काढत धनराजच्या कानापर्यंत आला. पुढं त्याचं नाव पुकारलं गेलं, त्याला खजुरी गाव मिळालं, तिथं मंडळीतल्या राजूबाई आजारी आहेत असं कळलं. गुडघा दुखतो, हे वाक्य पारव्यांनी खाल्लं.

धनराजनं दोन आणि दोन एकत्र केले. राजूबाई अगदी शेवटी आलेल्या आहेत, आणि त्यांना शांतीनं पोचवायला प्रभूनं आपल्याला निवडलंय.

आळंदहून खजुरीकडं जाताना दोन्ही बाजूंना तूर फुलली होती. थंडीतलं दुपारचं ऊन, बसची संथ घरघर, आणि नजर पोचेल तिथवर पिवळ्या फुलांचा धुरळा. धनराज मनातल्या मनात प्रार्थना रचत होता. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याला त्यानं राजूबाईचं घर विचारलं. हॉटेलवाल्यानं उलट विचारलं, कोणची राजूबाई, देवळामागची का हौदाजवळची? धनराज तेव्हा मनानं एका नदीच्या काठावर होता. तो म्हणाला, "व्हय." हॉटेलवाल्यानं त्यातल्या त्यात जवळचं घर दाखवलं.

हे घर अंकुशरावांचं. चांगलं खातंपितं शेतकरी घर. अंगणात तुळस होती, तिला वळसा घालून धनराज पुढं गेला, पण पाहिली मात्र नाही. अंकुशराव बाजेवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांना कानानं कमी ऐकू यायचं. धनराज म्हणाला की मी गुलबर्ग्याहून राजूबाईंना भेटायला आलोय, त्यांच्या आजारपणासाठी मला पाठवलंय.

अंकुशरावांच्या हातातली शेंग तशीच राहिली. गुलबर्ग्याला त्यांचा मुलगा शिवप्रसाद नोकरीला होता. त्यांनी झटकन हिशेब लावला. पोरानं डॉक्टर धाडलाय. म्हणजे बायको आजारी आहे, पोराला ठाऊक आहे, आणि आपल्यालाच कुणी सांगितलं नाही. त्यांनी आतल्या खोलीकडं बोट दाखवलं.

राजूबाई आतल्या खोलीत डोक्यावरून वाकळ ओढून पडल्या होत्या. त्यांना काही झालं नव्हतं. शेजारच्या भिंतीपलीकडं त्यांची जाऊ अंबिका राहायची आणि दोघींचं बोलणं दोडक्याच्या एका वेलावरून कधीचं बंद होतं. वेल लावला हिनं, दोडकी धरली तिच्या बाजूला. आज अंबिकेच्या घरातून दोडक्याच्या भाजीचा वास आला, म्हणून राजूबाई जेवण टाकून झोपल्या होत्या. अनोळखी पाऊल वाजलं तेव्हा त्या जाग्याच होत्या, पण कोण आता उठून चहा करतंय, म्हणून त्यांनी श्वास लांब सोडला आणि झोपेचं सोंग घेतलं.

तो लांब श्वास धनराजला शेवटचा वाटला. वेळ कमी होता. त्यानं डोळे मिटले.

"प्रभू," तो म्हणाला, "ही तुझी लेक आता नदीच्या काठाला आलीय. ऊन उतरलंय. पाणी संथ हाय, होडी लागलीय. हिला भीती वाटू देऊ नको. हिनं आयुष्यभर दुसऱ्याचं बघितलं, आता हिला हातातलं काम खाली ठेवू दे. कुणाशी बोलायचं राहिलं असंल तर तेवढं बोलू दे, आन् मग हळूच पलीकडं ने."

आवाज त्याचा खरोखर सुंदर होता. खोलीत अर्धवट अंधार, झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ फिरतेय, बाहेर होला घुमतोय. होडी सुटली, पलीकडच्या काठावर तूर फुललेली दिसली, कुणीतरी हात हलवत होतं. धनराज त्या होडीत बसून स्वतःच बराच लांब गेला.

वाकळेखाली राजूबाईंचं सोंग गळून पडलं. कोण माणूस आहे ते ठाऊक नाही, पण याला अबोल्यासकट सगळं ठाऊक आहे. म्हणजे मागं तपासणी झाली तेव्हा काहीतरी निघालं असणार आणि घरच्यांनी लपवलं. त्यांना रडू फुटलं. दारात अंकुशराव उभे होतेच. बायको रडतेय आणि डॉक्टर डोळे मिटून हात जोडतोय, हे पाहून ते अंगणात गेले आणि मुलाला फोन लावला. आई चालली, एवढं बोलून ठेवून दिला. शिवप्रसाद काय विचारतोय ते त्यांना तसंही ऐकू आलं नसतं.

धनराज पलीकडच्या काठावरून परतला तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गल्ली जमली होती. कुणी पाणी पाजत होतं, कुणी तळवे चोळत होतं. राजूबाई वाकळ बाजूला सारून म्हणत होत्या की अंबिकेला बोलवा. अंबिका आली ती हातातलं उलथनं तसंच घेऊन, आणि उंबऱ्यातच खाली बसली.

"अक्का, कामून अशी करायलीस गं," ती म्हणाली. "वेल तुझाच हाय. मी उद्या बुडासकट काढून देते."

"काढू नको," राजूबाई हुंदका गिळत म्हणाल्या. "धरलेली दोडकी गळतील."

दोघी गळ्यात पडून रडू लागल्या. बघणारेही रडले. मागचे पुरुष उगाच खाकरू लागले. धनराजचं कितीतरी वर्षांचं स्वप्न डोळ्यांसमोर जसंच्या तसं उभं होतं. त्याला धन्य वाटलं. तेवढ्यात त्याची नजर कोनाड्यातल्या देवांकडं गेली. मग दाराबाहेरच्या तुळशीकडं.

हे घर मंडळीतलं नव्हतं. त्यानं जवळच्या माणसाला हळूच विचारलं की गावात आणखी कुणी राजूबाई आहे का. आहे की, तो म्हणाला, हौदाजवळ, गुडघेवाली.

दार रिकामं होतं, बसची वेळही होत आली होती. न विचारता परक्याच्या घरात शिरून परक्या बाईला नदीपार करणारा माणूस, लोक काय समजतील, काय करतील, कुणी सांगावं? धनराज दोन पावलं दाराकडं सरकला. पण राजूबाई आता नथ कुणाला द्यायची ते सांगू लागल्या होत्या. धडधाकट बाई मरायच्या तयारीला लागलेली सोडून जाणं त्याला जमेना. तो परत फिरला, राजूबाईंपाशी गुडघ्यावर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. मी डॉक्टर नाही, मंडळीचा माणूस आहे, घर चुकलो, तुम्हाला काही झालेलं नाही, ज्यांना झालंय त्यांचाही नुसता गुडघा आहे असं आता कळतंय.

अंकुशरावांना तेच पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळं धनराजची फजिती दोनदा झाली. कुणीतरी बाह्या सारल्या. अंकुशरावांनी त्याला हातानंच मागं सारलं.

"देवाचंच नाव घेतलंस ना," ते धनराजला म्हणाले. "शिवी तर दिली न्हाईस. बस खाली."

राजूबाईंनी नाक पुसलं, नथ परत घातली आणि म्हणाल्या, "म्हंजे मला उठून चहा ठेवावाच लागतोय."

चहा मात्र अंबिकेनं ठेवला. शिवप्रसाद गाडी करून, नातेवाईक भरून धावत आला तेव्हा त्याची आई दोडक्याची भाजी जेवत होती. तो आधी रडला, मग धनराजवर चिडला, मग आईच्या ताटाशी बसून जेवला. कित्येक महिन्यांत तो घरी आला नव्हता, हे त्या गडबडीत कुणी काढलं नाही.

हौदाजवळच्या राजूबाईंकडं धनराज दिवेलागणीला पोचला. तोंडातून शब्द निघत नव्हता. तो नुसता बसून राहिला आणि बाई गुडघ्याविषयी, सुनेविषयी, जावयाविषयी बोलत राहिल्या. त्यांनी रेव्हरंडांना कळवलं की इतका जाणता माणूस आजवर कुणी पाठवला नव्हता, किती मनापासून ऐकतो. रेव्हरंडांनी वर्गात धनराजला उभं करून सगळ्यांना त्याचं उदाहरण घ्यायला सांगितलं. धनराजनं खालमानेनं खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तोच त्याचा फोन वाजला.

खजुरीहून कुणी बसवप्रभु बोलत होते. आवाज एवढा मोठा की सगळ्या वर्गाला ऐकू आला.

"पाळकसाहेब, आम्ही दोघं भाऊ बांधावरून बोलत न्हाई बघा. एकदा येऊन जावा की. पर आमच्यातलं मरायचं कुणी, ते तेवढं तुम्हीच येऊन ठरवा."