ट्रान्सफॉर्मरची अकरावी जागा

सुधाकरनानांच्या घरी एका खुर्चीवर बसून चहा संपवलेला माणूस मी पाहिलेला नाही. निम्मा कप झाला की नाना उभे राहतात, पाहुण्याकडे डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, "भाऊ, तुम्ही जरा इकडे सरका." पाहुणा कपबशी सांभाळत सरकतो. नानांचं तरीही समाधान होत नाही.

नाना अमळनेरच्या एका तेलगिरणीत वायरमन होते. निवृत्तीनंतर ते जळगावला आमच्या गल्लीत राहायला आले. "दोष वस्तूत नसतो, जागेत असतो," हे त्यांचं ठाम मत. आल्यापासून त्यांच्या फ्रिजने घराच्या चारही भिंती पाहिल्या. पुतण्याच्या लग्नात त्यांनी पंगत उठवून पुन्हा बसवली होती. कारण विचारलं तर म्हणाले, "दोन्ही मामा गुरगुरणारे. मध्ये अंतर नको?"

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीचे, अक्कांचे, कान तापात गेले. थोडं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. अक्कांनी ते आठवड्यात काढून ठेवलं. "कानमा भुंगा फिरस," म्हणाल्या. त्यांची खरी गैरसोय एकच होती. दुपारची रेडिओवरची गाणी बंद झाली होती. स्पष्ट आणि मोठा आवाज कदाचित पोचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. नानांनी ठरवलं, अ‍ॅम्प्लिफायर घरीच करायचा आणि त्यात भुंगा अजिबात ठेवायचा नाही.

अ‍ॅम्प्लिफायर पंधरा दिवसांत वाजला. भुंगाही वाजला. गाण्याच्या मागे सतत एक घूं.

"सप्लायची मांडणी चुकली," नाना म्हणाले, आणि गल्लीची शांतता तिथे संपली. सप्लाय म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला वीज पुरवणारा भाग: प्लायवूडच्या फळीवर एका टोकाला ट्रान्सफॉर्मर, मग डायोड, मग दोन जाडजूड कपॅसिटर, पलीकडे अ‍ॅम्प्लिफायर. रोज यातलं काहीतरी हलायचं. ट्रान्सफॉर्मर आडवा झाला, उभा झाला, पाव फेरा वळला. रेडिओकडून येणारी वायर त्याच्या जवळून जात होती, ती लांबून फिरवली. अर्थिंगच्या साऱ्या वायरी एका स्क्रूखाली आणल्या. सकाळी सात वाजता, दुपारी जेवताना, मी आंघोळीला निघालो असताना दारात नाना. "भाऊ, या. कान लावा. आहे का?"

"आहे."

"कमी झालं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे आहेच की!" आणि ते चालू लागत.

ट्रान्सफॉर्मरवर संशय आला तेव्हा नाना एस.टी.ने धुळ्याला गेले आणि कारागिराकडून नवा गुंडाळून आणला. येताना तो मांडीवर होता. कंडक्टरने विचारलं, "नाना, हे काय?" नाना म्हणाले, "आवाज वाढवायचं यंत्र." कंडक्टर म्हणाला, "आमच्या गाडीत नका लावू. पत्रे आधीच बोलतात."

नवाही घुमला. मग त्याची घूं अडवायला त्याला लोखंडी डब्यात कोंडायचं ठरलं. नाना लोहचुंबक घेऊन स्वयंपाकघरात शिरले आणि डॉक्टरांसारखं एकेका डब्याला लावत सुटले. स्टीलच्या डब्यांना चुंबक चिकटेना. अक्का पोळ्या लाटता लाटता बघत होत्या.

"डबाले ताप उना का?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

नानांनी हातानेच थांब म्हटलं. शेवटी तेलाचा जुना पत्र्याचा डबा चुंबकाला चिकटला. त्यातलं तेल अक्कांना दोन पातेल्यांत ओतावं लागलं.

अकराव्या जागी काम झालं. सारा सप्लाय डब्यात, डबा अ‍ॅम्प्लिफायरपासून हातभर लांब, आणि ट्रान्सफॉर्मरखाली सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे, पत्रा थरथरू नये म्हणून. मी स्पीकरला कान लावला. काहीच नव्हतं. नानांनी मला तीनदा कान लावायला लावला.

मग त्यांनी अक्कांना समोर बसवलं आणि रेडिओ लावला. गाणं सुरू झालं. अक्का नानांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. नानांनी आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. समोरच्या घरातली बाई ओट्यावर आली. अक्कांनी हात पुढे करून डब्यावर तळवा ठेवला, थोडा वेळ थांबल्या.

"बंद शे का हो?"

नाना उभेच राहिले. गाण्याचं एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं.

मग त्यांनी बटण बंद केलं, डबा उघडला, चार स्क्रू काढले आणि रबराचे चारही तुकडे खिशात टाकले. ट्रान्सफॉर्मर थेट पत्र्यावर कसला. बटण चालू केलं. डबा घुमायला लागला. नानांनी अक्कांचा हात धरून त्यावर ठेवला.

"हां," अक्का म्हणाल्या. "आते चालू शे." त्यांनी हात उचलला नाही. थोड्या वेळाने त्यांची मान हलू लागली. गाण्याच्या ठेक्याशी ती जुळत नव्हती.

"चांगलं गानं शे," त्या म्हणाल्या.

नाना माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, हा नुसता ट्रान्सफॉर्मर आहे, हे तिला कळू देऊ नका."

हळू बोलायची काही गरज नव्हती.