यशोदाबाईंनी पोटातली गढी राखिली

पद्मालयीचे गणरायास दूर्वा वाहोन, जिभेवर वावगे येऊ नये ऐसे मागोन, घडली हकीकत लिहिली ऐसीजे.

शके १९०९, प्रभवनाम संवत्सरी, कार्तिकमासी, एरंडोल परगण्यात तोताराम पाटलांच्या कारभारीण यशोदाबाई पाचवे महिन्यात होत्या. पदरी दोन कन्या. सबब सासूबाई झुंबरबाईसाहेब यांणी फर्माविले की, जळगावी पोटातले दाखविणारे यंत्र आले आहे. लक्षणे मुलीची निघाली तर सोमवारचे पहिले यष्टीने तेथे जाणे, आणि यंत्राने कबूल केले तर पोट रिकामे करोनच परतणे. तोतारामराव हे ऐकोन टोपी झाडीत खळ्याकडे रवाना जाहले. यशोदाबाईंचा निश्चय की, हा जीव द्यावयाचा नाही. परंतु बोलावयाची सोय नाही. मग त्यांणी संकष्टी धरिली आणि लढाईस उभ्या राहिल्या.

लक्षणे पाहावयास सोनगीराहून झुंबरबाईंच्या थोरल्या भगिनी भिकुबाई यांची स्वारी आली. या शास्त्रात त्यांचा दरारा थोर. मागील दोन्ही खेपांस त्यांणीच पारख केली होती, त्यामुळे त्यांचे डावपेच यशोदाबाईंस तोंडपाठ. आणि ही गोष्ट शत्रूचे ध्यानी नाही.

मुलगा असता तोंडावरचे तेज जाते, म्हणोन बाईंनी पहाटेच गालांस चुलीची राख चोळिली. उजवे अंग मुलाचे, म्हणोन उंबरा ओलांडिला तो उजवे पायाने. बसल्या, उठल्या, तो उजवा हात टेकून.

"हात दखाड व पोरी," ऐसा हुकूम जाहला. तळवा दाविला तर मुलगी. बाईंनी पालथा पंजा पुढे केला.

मग अखेरचा मोर्चा: एकीकडे गरम जिलबी, दुसरीकडे कच्ची चिंच. गोडावर हात गेला तर मुलगी.

"खाय ना व जिलबी, तुले तं गोडना भलता सोस शे!"

"वास बी नको, माय," म्हणोन बाईंनी तोंडास सुटलेले पाणी दिसू नये यास्तव पदर लाविला, आणि दात आंबेपावेतो चिंच चघळली.

"पोऱ्याच शे, झुंबर! ना व्हयना तं मन्हं नाव बदली टाक!" ऐसा भिकुबाईंनी निवाडा दिला. सोमवारची यष्टी यशोदाबाईंविना गेली, आणि सुनेस रोज पेलाभर दूध जारी जाहले.

फाल्गुनमासी कन्या जन्मली.

"भिकुआक्का, हाई काय व?"

"पोऱ्याच व्हता. आठवा महिनामा फिरी गया. मी काय करू?"

झुंबरबाईसाहेब तीन दिवस मागील दारी रुसोन बैसल्या. चवथे दिवशी नातीने रडोन आळी डोक्यावर घेतली, तेव्हा नाइलाजे उठोन तीस मांडीवर घेतले, न्याहाळिले, आणि कोणी ऐकत नाही ऐसे पाहोन म्हणाल्या, "नाक तं मन्हंच शे."

येणेप्रमाणे गढी राखिली. मोहिमेत जायबंदी जाहले ते एक भिकुबाईंचे शास्त्र. तेही आठवडाभरात बरे होवोन चाळीसगावी दुसरे सुनेवर चालोन गेले. कामी कोणी आले नाही. एक माणूस वाढले. यशोदाबाईंची फत्ते जाहली, हे सही.