आल्डेटेर्पचे हिरवे ठिपके

"हे सगळं आधीच ठरलंय का?"

हिस्केने उभं राहून विचारलं आणि आल्डेटेर्प गावच्या सभागृहात कॉफी ढवळणारे चमचेसुद्धा थांबले! मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणी यिल्डू आणि मार्रित एकमेकींचे दंड चिमटत बसल्या होत्या. पैज त्यांचीच. सगळ्यांसमोर हा प्रश्न विचारून दाखव, महिनाभर तुझी सायकल आम्ही धुतो! वर्षभरापूर्वीची हिस्के असती, तर प्रश्न घशातच विरघळला असता. पण हल्ली तिने शाळेच्या वादविवाद स्पर्धेत वरच्या वर्गातल्या मुलांना घाम फोडला होता. तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं, की जगातले निम्मे घोटाळे केवळ कुणी उठून विचारत नाही म्हणून चाललेत.

प्रांताच्या कचेरीतून आलेल्या मारलीसबाई गोड हसल्या. त्यांच्या गळ्यात स्कार्फ हिरवा, चष्मा हिरवा, बॅगसुद्धा हिरवी.

"अजिबात नाही! सगळं तुमच्याच हातात आहे!"

"सगळं?"

"सगळं! नागरिकांच्या सहभागाशिवाय एक खिळासुद्धा ठोकला जाणार नाही!"

हिस्के विजयी मुद्रेने खाली बसली. सायकल तर धुतली जाणारच होती, वर लोकशाहीही वाचली होती. एका दुपारीत माणसाने आणखी किती करावं?

काम तसं सोपं होतं. येत्या काही वर्षांत सगळ्या भागाने गॅस वापरणं थांबवायचं आणि सूर्यावर-वाऱ्यावर घरं चालवायची. त्यासाठी सौर पट्ट्या, म्हणजे उन्हापासून वीज करणारी काचेची पॅनेलं, कुठे बसवायच्या, हे प्रत्येक गावाने स्वतः सुचवायचं. प्रत्येकाला गावाचा एक छोटा नकाशा आणि एक हिरवा ठिपका. कुणाच्या मताचं कुणावर दडपण नको, म्हणून ज्याने त्याने कोपऱ्यात जाऊन ठिपका चिकटवायचा, नकाशाची घडी घालायची आणि पेटीत टाकायची.

हिस्केही कोपऱ्यात गेली. बेकरीवाल्या वॉब्बेकाकांचं कुरण छान मोकळं होतं, पण सुट्टीत काम वॉब्बेकाकाच देतात! त्रिन्केआजींची बाग? आजी दर वाढदिवसाला मोजे विणून देतात, त्यांच्या ट्यूलिपांवर काच घालायची? यिल्डूच्या घरामागची जागा? शी, मैत्रिणीशी कुणी असं वागतं का! मग तिची नजर गावाबाहेरच्या एका रिकाम्या चौकोनावर गेली. तिथे घर नाही, गोठा नाही, कुंपणापलीकडून बघणारं कुणी नाही. ते होतं बर्फाचं मैदान. हिवाळ्यात त्यात पाणी सोडायचं आणि ते गोठायची वाट बघायची. गोठलं, की अख्खं गाव पायाला स्केट बांधून तिथेच. पण गेले तीन हिवाळे ते धड गोठलंच नव्हतं. आणि मालकी सगळ्या गावाची, म्हणजे रागवायला एक असा माणूसच नाही!

अर्थात बाबा होते. गोस्सेबाबा आल्डेटेर्पचे बर्फमास्तर. बर्फ किती जाड झाला, हे बघायला हिवाळ्यात रोज पहाटे काठी घेऊन जाणारा माणूस. बाबांचा जीव दोन गोष्टींत : एक हे मैदान, आणि दुसरं गोठ्याचं छप्पर. गेला अख्खा उन्हाळा खपून त्यांनी त्यावर स्वतःच्या हाताने लाल कौलं बसवली होती. संध्याकाळी ते अंगणात उभे राहून त्या छपराकडे असे बघत, जसे काही लोक समुद्राकडे बघतात.

'एकच तर ठिपका,' हिस्केने स्वतःला समजावलं. 'एका ठिपक्याने काय होतंय?' आणि लावला.

"इतका धीट प्रश्न विचारलास ना, आता मोजणीचा मानही तुझा!" मारलीसबाईंनी भिंतीवरचा मोठा नकाशा तिच्या हवाली केला. एकेक घडी उघडायची आणि तो ठिपका मोठ्या नकाशावर लावायचा.

पहिली घडी : बर्फाचं मैदान. हिस्केने लावला. दुसरी : बर्फाचं मैदान. तिसरी : बर्फाचं मैदान! चौथ्या घडीत ठिपका किंचित सरकलेला होता म्हणून तिला आशा वाटली, पण तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता, इतकंच. बघता बघता मैदानावर गोवर उठला!

"अप्रतिम!" मारलीसबाई टाळ्या वाजवत होत्या. "इतकं एकमत मी कुठल्याच गावात पाहिलं नाही! मागच्या गावात तर खुर्च्या उडाल्या होत्या!"

नेमके त्याच क्षणी गोस्सेबाबा आत आले. गाय व्यायला आली होती, म्हणून त्यांना उशीर झाला होता. लाकडी बूट रिवाजाप्रमाणे दाराशी काढलेले, उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावतोय, चेहऱ्यावर नव्या वासराचा आनंद. समोर पाहतात तर काय, पोटची पोर हातात ठिपका धरून त्यांच्या बर्फावर चिकटवतेय!

"हिस्के!"

"बाबा, मी फक्त मोजतेय!"

"माझं मैदान मोजतेयस?" बाबा नकाशाजवळ आले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "कुणी लावले हे?"

वॉब्बेकाका कपात डोकावले. त्रिन्केआजींना पर्समध्ये काहीतरी सापडेना.

"बोला की! वॉब्बे?"

"मी एकच लावला रे!"

"मीही एकच," आजी म्हणाल्या. "मला वाटलं, बाकीचे दुसरीकडे लावतील. शेजाऱ्याच्या जागेवर कशी लावू? रोज तोंड बघायचंय!"

"आणि माझं तोंड?"

बाबा वळले, पायांत बूट सरकवले आणि तरातरा निघून गेले. डावा बूट त्यांचा होता, उजवा वॉब्बेकाकांचा.

आता मात्र हिस्केचं डोकं सणकलं. सगळे तिच्याकडेच बघत होते, जणू तिनेच रात्रभर जागून ठिपके कापले होते! हे बरंय! लावणारे सगळे, आणि सापडली कोण? मोजणारी! ती ताडकन खुर्चीवर चढली.

"मारलीसबाई! हे सगळं आधीच ठरलंय का?"

"छे छे! पण अहवाल आजच जायचाय, आणि एवढं एकमत..."

"तुम्ही म्हणालात, सगळं आमच्या हातात आहे! मग आमचे ठिपके आमच्या हातात द्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक दुसऱ्याच्या शौर्याला टाळ्या वाजवतातच. मारलीसबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पाचला सभागृह चर्चच्या गायकांना द्यायचं होतं. "बरं. तोपर्यंत दुसरी जागा ठरली तर ठीक. नाहीतर मैदानच कळवते."

ठिपके उपटले गेले. आणि मग अख्खं आल्डेटेर्प बोटाच्या टोकावर हिरवा ठिपका घेऊन नकाशासमोर उभं राहिलं. नुसतं उभं! वॉब्बेकाकांचं बोट कुरणांवरून फिरायचं, कुणी खाकरलं की मागे यायचं.

"तुमच्या बागेत, आजी?"

"तुझ्या बेकरीवर लाव ना, मेल्या!"

"ओव्हनची धुराडी आहेत तिथे!"

"मग माझ्या ट्यूलिपांना धुराडी लावू का?"

कुणीतरी वैतागून नकाशाच्या कडेला, थेट प्रांताच्या कचेरीवर ठिपका लावला. "ते नियोजनाच्या हद्दीबाहेर आहे," मारलीसबाई पहिल्यांदाच न हसता म्हणाल्या. दाराशी गायक येऊन गळे साफ करायला लागले.

हिस्केच्या डोळ्यांसमोर बाबांचा तो बाहेर आलेला अंगठा येत होता. काठी घेऊन पहाटे निघणारे बाबा. मैदानावर काचा बसल्या, तर ती काठी कुठे टेकवणार? आणि ही माणसं! कुणालाही दुखवायचं नाही म्हणून एका माणसाला सगळ्यांनी मिळून दुखवणारी ही भली माणसं!

"अरे, कुणीतरी स्वतःच्या जागेवर लावा ना!" ती ओरडली.

कुणी हललं नाही. मग तिनेच आपला ठिपका घेतला आणि नकाशावर ठप्पकन दाबला.

वॉब्बेकाकांनी सुटकेचा असा उसासा सोडला, की समोरचा नकाशा हलला. "पोरीने स्वतःच परवानगी दिली! मग प्रश्नच मिटला!" आणि त्यांनी त्याच जागी ठिपका लावला. त्रिन्केआजींनी लावला, तिला शाबासकी म्हणून. यिल्डूने मैत्रिणीला साथ म्हणून. पुन्हा एकमत! मारलीसबाईंचं हसू परत आलं आणि गायकांनी सूर लावला.

घरी बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट, आणि ते काढायचंही भान नव्हतं. आई कॉफी ओतत होती.

"बाबा," हिस्के दारातूनच ओरडली, "मैदान वाचलं!"

"काय?"

"सगळ्यांनी ठिपके काढले! एकही उरला नाही!"

बाबा उठले, बसले, परत उठले. तिला मिठी मारली. मग त्यांनी बिस्किटांचा डबा घेतला, प्रत्येकाला एक दिलं, झाकण लावलं आणि नंतर, आईचा विश्वास बसेना, झाकण पुन्हा उघडलं! या घरात दुसरं बिस्कीट हिस्केच्या जन्माच्या दिवशी वाटलं गेलं होतं, असं म्हणतात.

"पण मग पट्ट्या कुठे बसणार?" आईने विचारलं.

हिस्केने दुसरं बिस्कीट आधी पूर्ण खाऊन घेतलं. मग वादविवाद स्पर्धेत उभी राहायची तशी ताठ उभी राहिली.

"आई, बाबा, मी एक निर्णय घेतलाय. सुरुवात आपल्यापासून करायची. पट्ट्या आपल्या गोठ्याच्या छपरावर बसतील."

बाबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मावळतीच्या उन्हात लाल कौलं झळाळत होती.

"हे..." त्यांनी छपराकडे बोट केलं. "हे सगळं आधीच ठरलंय का?"

"अजिबात नाही!" हिस्के गोड हसून म्हणाली. "सगळं तुमच्याच हातात आहे. फक्त अख्ख्या गावाचे ठिपके लागून झालेत."