फेलमंगरचा हयातीचा दाखला

माणूस गेला तर रडायला चार जण तरी येतात; शब्द गेला तर अर्ध्या दिवसाची रजासुद्धा मिळत नाही. ही सामाजिक उणीव ओळखूनच आमचं 'जुने इंग्रजी शब्द जतन मंडळ' स्थापन झालं. ज्यांची भाषा, त्यांनी हे शब्द कधीच टाकून दिले. आम्ही ते सांभाळतो. (याला मनाचा मोठेपणा म्हणतात. रिकामटेकडेपणा म्हणणाऱ्यांनी आधी आमची इमारत बघावी.)

शब्द अर्थाप्रमाणे लावायचे तर अर्थ वाचावे लागतात, म्हणून मंडळ ते अक्षरांप्रमाणे लावतं. शेपूट सारखं असलेले शब्द एका खणात, आणि दर खणामागे एक कारकून. एकोणिसाव्या खणात 'मंगर'वाले. मंगर म्हणजे विकणारा. पीठ विकणारा मीलमंगर, लाकूड विकणारा वुडमंगर, कातडी विकणारा फेलमंगर, असे एकूण एकेचाळीस. त्यांचे कारकून म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे मंगरकाका. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही शब्द हरवू दिला नाही. (मागायला कुणी आलं नाही, तो भाग वेगळा.)

मागे एकदा फर्मान निघालं: ज्या खणातला शब्द वर्षभरात कुणीच वापरला नाही, तो खण बंद आणि कारकून घरी.

काका हादरले. काकू जास्त हादरल्या.

"म्हणजे तुम्ही दिवसभर घरात? आणि मी भाजी चिरताना चुका काढणार? अहो, त्यापेक्षा मीच बोलते तुमचे ते मंगर. सांगा, कसं म्हणायचं?"

काकू कामाला लागल्या. गिरणीवाल्याला त्या 'मीलमंगरभाऊ' म्हणू लागल्या. तो खूश झाला. पीठ होतं तसंच जाडं राहिलं. काकांच्या आईलाही एक शब्द दिला होता, तो म्हातारीने सुनेसाठी राखून ठेवला. पण खरं यश वरच्या मजल्यावरून आलं. तिथल्या बाईच्या ओल्या चादरी रोज काकूंच्या खिडकीवर गळायच्या. एके दिवशी काकू ओरडल्या, "फेलमंगर कुठली!"

बाई तरातरा खाली आली. "मी फेलमंगर? तू फेलमंगर, तुझा नवरा फेलमंगर, तुझं अख्खं खानदान फेलमंगर!"

काका वही घेऊन दाराआड उभेच होते. "जरा सावकाश हो, वहिनी," ते म्हणाले. नोंद झाली: वापर चार वेळा, उत्स्फूर्त, उच्चार निर्दोष. (अर्थ चुकला, पण नियमात अर्थाचा उल्लेख नाही.)

वर्षअखेर दोन हजार तीनशे चौदा वापरांचा अहवाल गेला. समितीने टाळ्या वाजवल्या आणि ठराव केला: जे शब्द लोकांच्या तोंडी इतके खेळताहेत, त्यांचं जतन कशाला? खण बंद.

काका टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. "आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला हो!" मलाही भरून आलं. चांगला माणूस, हो.

मंडळ काही दगडाचं नाही. अपिलावर सवलत मिळाली: सलग एक वर्ष हे शब्द कुणीही वापरले नाहीत, तर ते धोक्यात आहेत असं समजून खण पुन्हा उघडेल. (हे पहिल्या नियमाच्या उलट आहे, असं मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, "नियम जुळले असते तर समिती कशाला लागली असती?")

मग काकूंनी गिरणी बदलली. वरच्या बाईचे पाय धरले. ती यापुढे साध्या, घरगुती शिव्या द्यायला राजी झाली. घरात काका दिवसभर मिरच्या मोजतात, चहाला उकळी किती आली ते सांगतात. काकू दात आवळून दिवस ढकलताहेत. अकरा महिने सोळा दिवस झाले, सगळीकडे सामसूम. आता चौदाच दिवस काढायचे.

आणि कालच मंडळाचा खुलासा आला: मनातल्या मनात वाचणं हाही वापरच धरला जाईल. मी हे कर्मचारी म्हणून लिहिलं, त्यामुळे माझा मोजत नाहीत. राहिलात तुम्ही.

काकू मघापासून तुमचा पत्ता विचारताहेत.