काकूंची गाडी आणि पेंडसे काकांची प्रायॉरिटी

पेंडसे काका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायचे आणि तडक कॉम्प्युटरपाशी जाऊन तीन बटणं एकदम दाबून चालू कामांची यादी उघडायचे. पाणी नंतर. "आत काय काय चाललंय ते बघू," म्हणत मशीनची अशी झडती घ्यायचे, की आपणच चोर वाटावं.

कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीत तेव्हा नुकते घरोघर कॉम्प्युटर आले होते. काय दिवस होते ते! मी आयटीत नवा चिकटलेला. रविवारी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचो. ऐन वळणावर गाडी अडकायची. मग काकांना हाक. काका कारखान्यातले निवृत्त फोरमन. ते त्या यादीत गेमची प्रायॉरिटी 'हाय'वर नेऊन ठेवायचे. "प्रोसेसर एक, मागणारे पन्नास. आधी कुणाला वाढायचं ते यजमानानं ठरवायचं, काय?" गाडी सुसाट सुटायची. एकदा मी शहाणपणा करून त्याच्याही वरचं 'रिअलटाइम' निवडलं, तर माउससुद्धा हलेना. काका म्हणाले, "इंजिनिअर ना आपण? वाटलंच."

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजव्या हाताची बोटं हलेनात. डॉक्टरांनी बजावलं, रोज हलवत राहा, नाहीतर हात कायमचा जाईल. काकांचं घरोघर फिरणं बंद झालं.

काही आठवड्यांनी मी भेटायला गेलो, तर काकू कॉम्प्युटरसमोर! तोच गेम. पण गाडी इतकी रडतखडत चाललेली, की मला राहवेना. बघतो तर शेजारी ती यादी उघडीच, मागे व्हायरस शोधायचं काम जोरात चालू आणि गेम चक्क 'लो'वर. तोही काकांच्या घरात! "अहो काका, हे काय?" म्हणत मी माउसला हात घालणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या," ते हळूच म्हणाले. "वळण आलं की तिची बोटं उशिरा पोचतात. म्हणून गाडीलाच दमानं घ्यायला लावलंय."

मी हात मागे घेतला.

तेवढ्यात काकूंनी एक वळण घेतलं, कुठेही न आपटता. पडद्यावरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "अहो, जरा जोरात सोडा की. बैलगाडी बरी हिच्यापेक्षा!"

काकांनी माउस घेतला आणि गेम एकच पायरी वर चढवला.

"आज एवढंच हं," म्हणाले, आणि चष्मा पुसायला आत गेले.