केळी सांगतील ती गाडी

डॉक्टरांनी नानांना सांगितलं की आता डोंगर चढायचा नाही. त्याच दुपारी नानांनी एटीव्ही घ्यायचं ठरवलं.

एटीव्ही म्हणजे काय, हे तोवर असोदा गावात कुणाला ठाऊक नव्हतं. नानांना ती मोबाइलवर सापडली होती. चार जाडजूड चाकं, वर मोटरसायकलसारखं हँडल, आणि घोड्यावर मांड ठोकावी तसं बसायचं. दगड, चिखल, नाला, चढ, काहीही पार करणारी गाडी. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. ओट्यावर बसून मला फोन लावला.

"मास्तर, डाक्तरनं चढू नोको म्हनून सांगितलं. पन मले सांगितलं. गाडीले नई सांगितलं. कागद-पेन घेऊन ये."

मी मास्तर नव्हे. जळगावच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होतो. पण ज्याच्या खिशाला पेन तो मास्तर, अशी नानांची व्याख्या होती. ते माझ्या अक्काचे यजमान, म्हणजे नात्याने माझे दाजी. पण अख्खं गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणायचो.

नाना केळीचे शेतकरी आणि शिकारी. यातल्या दुसऱ्या शब्दावर अक्काचा आक्षेप होता. दरवर्षी मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला नाना चोपड्याच्या वर, सातपुड्यात, तीन दिवस शिकारीला जात. तिथल्या एका पाड्यावर खुमानबाबा राहतात. दोघांनी तरणे असताना बरोबर रान तुडवलेलं. पुढे शिकारीवर बंदी आली. नानांची पीक राखायची बंदूक एका निवडणुकीच्या वेळी पोलिसांत जमा झाली, ती त्यांनी परत आणलीच नाही. जाणं मात्र चालू राहिलं.

"नाना, शिकार बंद होऊन जमाना झाला," असं मी म्हणालो की ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत.

"शिकार म्हंजे काय रे मास्तर? माग काढनं, वारा पाहनं, दबा धरून बसनं, जनावर दिसनं. मारनं हे शेवटचं काम. सरकारनं तेव्हढं एक बंद केलं. बाकीची कामं चालू हायेत."

"पन्नास वर्सात घरात एक ससा नई आनला यांनी," अक्का आतून म्हणायची. "येताना चोपड्याच्या बाजारातून मेथी आनतात. तेव्हढीच शिकार."

डांबरी रस्ता संपतो तिथून खुमानबाबांचा पाडा तासाभराच्या उभ्या चढावर आहे. नानांचे गुडघे आधीच बोलत होते, त्यात आता काळीज. पाड्यावर फोन लागत नाही. खुमानबाबा खाली उतरत नाहीत.

"मी नई गेलो तर त्याले वाटंल, नाना मेला," नाना म्हणाले. "मेलो असतो तर गोष्ट वेगळी."

"मग निरोप पाठवा ना कुणाबरोबर."

"निरोप म्हंजे न जान्याची तयारी. निरोप नई."

पौर्णिमेला दीड महिना उरला होता. तेवढ्यात गाडी निवडायची, घ्यायची, शिकायची आणि डोंगरावर न्यायची होती.

आता नानांची निवडायची रीत सांगितली पाहिजे. जगातली कुठलीही चालणारी वस्तू नाना केळी बांधून पारखत. केळं आज काही बोलत नाही; पण त्याला मार बसला असेल तर उद्या बरोबर तिथे काळं पडतं. "केळं खोटं बोलत नई," हे त्यांचं वाक्य असोद्यातली लहान पोरंही म्हणत. मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा त्यांनी नवऱ्यामुलाच्या मोटरसायकलला पिवळ्या केळ्यांच्या दोन फण्या बांधून त्याला भुसावळला पाठवलं आणि परत बोलावलं. फण्या शाबूत आल्या. लग्न जमलं. जावई आजही फार सावकाश गाडी चालवतात.

पहिली एटीव्ही जळगावात पाहिली. लालभडक. आम्ही केळ्यांचं कॅरेट घेऊन आत शिरलो तेव्हा टाय लावलेला विक्रेता अदबीने म्हणाला, "आजोबा, पूजा डिलिव्हरीच्या दिवशी असते."

"पूजा नई. परीक्षा हाये," नाना म्हणाले, आणि कॅरेट मागच्या सीटवर दोरीने करकचून बांधलं. विक्रेत्याने गावाबाहेरच्या मोकळ्या रानात गाडी अशी पळवली की बगळे उडाले. परत येऊन त्याने केस नीट केले आणि विचारलं, "मग, बुक करू या?"

"उद्या सांगतो."

"घरी विचारायचंय का?"

"केळ्यांले विचाराचं हाये."

ती केळी रात्रभर खिडकीत ठेवली. मी सवयीने प्रत्येक फणीला चिठ्ठी लावली: गाडी पहिली, मागची सीट, डावी बाजू. सकाळी नाना चष्मा लावून बसले आणि केळ्यांवरचे डाग वाचू लागले. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलो, पण इतक्या एकाग्रतेने वाचणारा माणूस मला कमी भेटला. "हा खड्ड्याचा मार. हा वळनाचा. आन हा पाहा, हा त्या पोट्ट्याच्या घमेंडीचा." पहिली गाडी नापास. पुढचे तीन दिवस घरात शिकरण.

मीही स्वस्थ बसलो नव्हतो. मिळतील ती माहितीपत्रकं वाचून टिपणं काढली. डोंगरासाठी चारही चाकांना ताकद हवी. पोटाखाली मोकळी जागा हवी, म्हणजे दगड लागत नाहीत. उतारावर ब्रेक न दाबता इंजिननेच गाडी धरून ठेवली पाहिजे. नानांनी सगळं ऐकून घेतलं. "पुस्तक बरोबर हाये," ते म्हणाले, "पन पुस्तकाची पाठ दुखत नई."

मागच्या सीटवर त्यांचा एवढा जीव का, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, मागे मीच बसणार आहे. मला बरंच वाटलं.

दुसरी गाडी धुळ्यात. ती खरोखर दांडगी होती. विक्रेता तिच्याभोवती असा फिरला, जणू त्यानेच ती लहानाची मोठी केली.

"नाना, हाई गाडी म्हंजे वाघ शे वाघ! आख्खा सातपुडा चढी जाई."

नानांनी खिशातून गाठी मारलेली सुतळी काढली. पाड्याच्या वाटेवर एका जागी दोन शिळा समोरासमोर उभ्या आहेत, आणि वाट त्यांच्या मधून जाते. आमच्या केळ्यांची पिकअप चालवणाऱ्या सुपडूला नानांनी मुद्दाम तिथवर पाठवून ते अंतर मोजून आणलं होतं. सुतळी गाडीला आडवी लावली. गाडी सुतळीपेक्षा वीतभर जास्त रुंद भरली.

"त्यात काय शे, नाना? दगड थोडा फोडी टाका," विक्रेता म्हणाला.

"दगड माह्या दोस्ताच्या वाटंवरचा हाये. गाडी तुमची हाये. गाडी फोडा."

पौर्णिमा आठ दिवसांवर आली. नानांचं जेवण कमी झालं. अक्काने टोमणे मारायचं बंद केलं, तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. उलट तीच एका सकाळी म्हणाली, "पहूरले कोनी तरी मोसंबीच्या बागेत फवारनीले असली गाडी वापरतो म्हने. पाहून तर या."

पहूरची गाडी जुनी होती. तिचा मूळ रंग कोणता, हे मालकालाही आठवत नव्हतं. सीटवर गोणपाट शिवलेलं. चालू केली की आधी खोकायची, मग विचार करायची, मग निघायची. पण सुतळी लावली तर दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा उरली. कॅरेट बांधलं. मालकाने ती नाल्यात उतरवली, पलीकडच्या दरडीवर चढवली आणि तशीच मागे आणली. कुठेही घाई नाही. म्हातारी बाई घागर घेऊन चालते तशी गाडी चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केळी पिवळीधमक. फक्त एक काळं पडलेलं. नानांचा चेहरा उतरला.

"ते मी दाबलं व्हतं," अक्का म्हणाली. "पिकलं का पाहाले."

नाना ओट्यावरून उठले आणि चक्क टाळी वाजवली. "केळी पास! आता मास्तर!"

गाडी विकत घेऊन असोद्याला आणली, आणि मला मागे बसवून त्यांनी गावाबाहेरच्या नाल्यातून सहा फेऱ्या मारल्या. पंच्याहत्तरीचा माणूस प्रत्येक चढाला "हुर्र" म्हणत होता. मी डोळे मिटून कपाटांचे क्रमांक आठवत होतो. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ते माझ्या घरी हजर.

"सदरा वर कर."

"का?"

"डाग पडले का पाहू दे."

अशा गाडीला रस्त्यावर चालवायचा नंबर मिळत नाही. म्हणून पौर्णिमेला ती सुपडूच्या पिकअपमध्ये चढवली. अक्काने तिला हळदकुंकू लावलं, हार घातला, आणि नानांना म्हणाली, "सांभाळून जा हो. ससा नई आनला तरी चालीन."

चोपड्याच्या पुढे नाक्यावर वनरक्षकाने हात दाखवला. "कुठे निघालात?"

"शिकारीले," नाना ऐटीत म्हणाले.

वनरक्षकाने आत वाकून पाहिलं आणि हसला. "नाना होय? जा. पण गाडी पाड्याच्या वाटेवरच ठेवा, रानात घालू नका. आणि पुढच्या वेळी वर येताना बाजारातून मेथीची एक जुडी इथे द्या."

डांबर संपलं तिथे गाडी उतरवली. नाना पुढे, मी मागे. खोकली, विचार केला, निघाली. खाली दरी, वर साग, मध्ये आम्ही. दोन शिळा आल्या तेव्हा नानांनी पाय आत घेतले, मी श्वास आत घेतला, आणि गाडी सुईत दोरा जावा तशी पार झाली. "गेली रे! मास्तर, गेली!" नाना ओरडले. मीही ओरडलो. शेवटचा कधी ओरडलो होतो ते मला आठवत नव्हतं.

पाड्यावर खुमानबाबा अंगणात उभे होते. आमच्याकडे तोंड करून, पण थोडंसं बाजूला पाहत. आवाजाच्या रोखाने. नाना खाली उतरून जवळ गेले तेव्हा खुमानबाबांनी हाताने त्यांचा खांदा, दंड, मनगट चाचपलं.

"बारीक झाया," ते म्हणाले.

"तू कोनता पैलवान हायेस?" नाना म्हणाले.

मग मला कळलं. काचबिंदूने चार वर्षांपूर्वी खुमानबाबांची नजर नेली होती. नानांनी हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी गाडीवर तसाच बसून होतो.

"मास्तर, उतर," नाना म्हणाले. "ती जागा तुझी नई."

त्यांनी खुमानबाबांना हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं, त्यांचे पाय स्वतः पायदानावर ठेवले, आणि पाड्यामागच्या त्यांच्याच शेतातून हळूहळू वरच्या बांधावर नेलं. मी मागून चालत गेलो. इंजिन बंद झालं. दोघं बांधावर शेजारी शेजारी बसले. समोर दरी आणि पलीकडचा उतार. सूर्य कलला होता.

बऱ्याच वेळाने नाना कुजबुजले, "खुमान. सांबर."

मी पाहिलं. उतारावर वाळलेलं गवत होतं. दुसरं काही नव्हतं.

"एकटंच शे?" खुमानबाबांनी विचारलं.

"एकटं. दांडगं हाये. पान्यावर उतरून राह्यलं. थांबलं. आता मान वर केली त्यानं."

"शिंगं?"

"मोठी. डावं टोक मोडेल हाये."

मी पुन्हा पाहिलं. गवतच होतं. नाना मात्र इतक्या बारकाईने सांगत होते की मला क्षणभर माझ्याच नजरेची शंका आली. सांबर पाणी प्यालं, कान हलवले, झाडीत गेलं. खुमानबाबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मग नाना पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेले.

खुमानबाबा माझ्याकडे वळले. "मास्तर, तठे काही नही."

मी त्यांच्या जवळ सरकलो.

"सांबर उतरनं तं वांदरं बोलतस. वांदरं गप शेतस. वारा बी आम्हनाकडथून तिकडे शे. जनावर कसं येई?"

"मग तुम्ही शिंगं का विचारली?"

ते हसले. "नाना इतला दूरथून येस. त्याले खाली हात कसा धाडू?"

नाना बाटली घेऊन आले. तिघंही पाणी प्यायलो. अंधार पडायच्या आत गाडी बांधावरून खाली पाड्यावर आली. खुमानबाबांच्या घरातून निघताना नानांनी मला एकच गोष्ट सांगितली: "त्याले काही सांगू नोको हां." मी "बरं" म्हणालो.

पुढच्या वैशाखात नाना गेले. केळीच्या बागेतून घरी आले, ओट्यावर टेकले, आणि गेले.

त्या मार्गशीर्षात मी सुपडूला बोलावून गाडी काढली. मला ती धड चालवता येत नाही. शिळांच्या मधून जाताना एक आरसा तुटला. पाड्यावर पोचलो तेव्हा खुमानबाबा अंगणात होते. गाडी थांबेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हाऊ नाना नही." "नाही," मी म्हणालो. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला, आणि मी त्यांना मागच्या सीटवर बसवलं.

गाडी आता माझ्याकडे आहे. वर्षातून एकदा खुमानबाबा आणि मी त्या बांधावर बसतो. मला जे दिसतं ते मी त्यांना सांगतो. बहुतेक वेळा गवतच असतं.